हार्ड ब्लॉक: होय

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामात खोट काढली आणि त्याबद्दल कंपनीने मला दरमहा पगार दिला. हे भाग्य सगळ्यांना लाभत नाही. बहुतेक लोकांना हे काम आयुष्यभर फुकट करावं लागतं. चाकणला आमच्या कंपनीच्या क्वालिटी खात्यात मी होतो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि स्टोअरमध्ये उरलेल्या ‘ओके’च्या हिरव्या गोल स्टिकरांचं एक अख्खं भेंडोळं एवढा ऐवज मिळाला. घड्याळ महिनाभरात बंद पडलं, कारण ते माझ्या हाताखालून गेलेलं नव्हतं. स्टिकर मात्र अजून पुरताहेत. काळेवाडीतल्या आमच्या घरात मिक्सर, पाण्याचा फिल्टर, गॅसची शेगडी आणि जावयाची गाडी हे सगळं पास झालेलं आहे. जावयाचा निकाल मी राखून ठेवला आहे. आमच्या सौ. इंदुताईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, की पोळ्यांच्या डब्यावर स्टिकर दिसला तर त्या दिवसापासून पोळ्या तपासणाऱ्यानेच लाटायच्या. त्यामुळे तेवढा एक डबा बिनतपासणीचा राहिला.

सांगायचा मुद्दा असा, की एकतीस वर्षांत मी पास केलेला एकही तुकडा गिऱ्हाइकाकडून परत आला नाही. हे वाक्य मी निवृत्तीनंतर किती वेळा उच्चारलं याची मोजदाद इंदुताईंकडे आहे. मी ती मागायला जात नाही.

तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने यंदा संगणक वर्ग काढायचं ठरवलं आणि त्यासाठी दहा लॅपटॉप घ्यायचे ठरले. संघाचे अध्यक्ष अण्णासाहेब हे मूळ गावकीतले. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आज चार सोसायट्या उभ्या आहेत, पण बोलणं अजून बांधावरचं. लॅपटॉप बुद्धरत्नच्या दुकानातून घ्यावेत ही सूचना माझीच. बुद्धरत्न आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होता. निवृत्त झाल्यावर त्याने कासारवाडी स्टेशनजवळ छोटंसं दुकान टाकलं. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने लॅपटॉप घ्यायचे, खोलून पुसूनबिसून दुरुस्त करायचे, त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायची आणि विकायचे. लिनक्स का, तर जुन्या यंत्राला ते झेपतं. नव्या प्रणाली म्हाताऱ्या यंत्रांना वर्षभरात दम लावतात. संघाच्या सभासदांना हे कारण लगेच पटलं.

मेंटेनन्स आणि क्वालिटी यांचं नातं विहिणी-विहिणींचं असतं. बुद्धरत्न मशीन दुरुस्त करून कागद पाठवायचा आणि मी तो परत पाठवायचो. कधी तारीख नसे, कधी सही चौकटीच्या बाहेर गेलेली असे. त्याचा एकही कागद माझ्याकडून पहिल्या खेपेला पास झाला नाही. त्याला त्याचं काही वाटत नसे, असं तो म्हणायचा. रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात आम्ही एक चहा दोघांत न वाटता दोन चहा पितो. यावरून आमची दोस्ती किती पक्की ते ध्यानात यावं.

अण्णासाहेब म्हणाले, धा एकदम नगं. आधी एक आणू, ज्योतीराम तपासंल, त्यानं पास केलं तर बाकीचं नऊ. म्हणजे रीतसर नमुना तपासणी. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी माझ्या हाताला काम आलं. सोमवारी नमुना क्रमांक एक घरी आला आणि मी दोन दिवस तो तपासला. वजन घेतलं, व्हर्नियरने चारी कडा मोजल्या, प्रत्येक कळ किती दाबली जाते ते पाहिलं, वायरलेस जोडून बातम्या लावल्या आणि बेचाळीस मुद्द्यांचा अहवाल लिहिला. मंगळवारी संध्याकाळी नमुना पास. औपचारिक पत्र पुढच्या आठवड्यातल्या रविवारच्या सभेत द्यायचं होतं.

बुधवारी खंडेनवमी आली. आपल्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, त्या दिवशी यंत्रांचा मान असतो. आमच्या प्रेसशॉपमध्ये सकाळी सगळी मशीनं बंद व्हायची, चिंधी घेऊन पुसली जायची, मग हळदकुंकू, झेंडू आणि नारळ. ‘आधी कळ बंद, मग कुंकू’ ही पाटी खात्यात माझ्याच अक्षरात लागलेली होती, कारण एका वर्षी एकाने चालू मशीनला कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि ते बोट प्रसादात गेल्यासारखं झालं. ती शिस्त मी घरात पाळतो. मिक्सर, शिलाई मशीन, इस्त्री, स्कूटर, व्हर्नियर, सगळं ओळीने मांडलं. ज्याला कळ असेल त्याची कळ बंद केली, पुसलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं. पाहुणा म्हणून लॅपटॉपही पूजेत बसला. त्याच्या पुढच्या कडेला थोडं कुंकू एका खाचेत सांडलं. क्वालिटीच्या माणसाला उघडी खाच बघवत नाही. तिथून धूळ जाते. ती पुसली आणि वर ओकेचा स्टिकर लावून टाकला. पास मालाला तो तसाही लावायचाच होता.

शनिवारी अण्णासाहेब दोन सभासद घेऊन चहाला आले. मी नमुना टेबलावर ठेवला, बाह्या सरसावल्या आणि आता आपण जगाशी जोडले जाऊ असं म्हणालो. जोडले गेलो नाही. आमच्या इमारतीत एरवी सतरा वायरलेस दिसतात; त्यांतल्या एकाचं तर नावच ‘पासवर्ड मागू नये’ असं आहे. त्या दिवशी एकही दिसेना. मी बंद करून चालू केलं, चालू करून बंद केलं, उचलून खिडकीशी नेलं. पाहुण्यांचा चहा संपला, बिस्किटं संपली, मग त्यांचं बोलणंही संपलं.

“चालंना व्हय?” अण्णासाहेब म्हणाले. “मग काय, नापास म्हनायचं का? तुमी सांगाल ती पूर्व. फुडच्या रईवारी सभेत तसं सांगा, आमी दुसरं दुकान बघतो.”

इथे माझ्यातला क्वालिटीचा माणूस माझ्या आधी बोलला. माल सदोष दिसतो, असं मी चारचौघांत म्हणालो. ते वाक्य काळेवाडीचा पूल ओलांडून कासारवाडीला पोचायला संध्याकाळसुद्धा झाली नाही. वायरलेसपेक्षा ते वेगाने गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्धरत्न स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात. मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि नियम सांगितला. वादातला नमुना पुरवठादाराच्या हाती द्यायचा नसतो. तो म्हणाला, हात लावत नाही, नुसतं बघतो. मी म्हणालो, बघणं हा अर्धा हातच असतो. हा नियम मीच कंपनीत आणला होता, तोही त्याच्याच एका मशीनवरून.

“तुमचा बेचाळीस मुद्द्यांचा अहवाल आहे ना, साहेब?” रागावला की तो मला साहेब म्हणतो. “तो एकदा वाचा. मंगळवारी काय होतं आणि आज काय नाही, एवढंच बघा. मेंटेनन्सला दुसरं काही नसतं.”

मी लिहिलेला अहवाल मलाच वाचायला सांगणं हा अपमान होता आणि मी तो करून घेतला. म्हणजे अपमान करून घेतला. अहवाल वाचला नाही. बुद्धरत्न उठला. त्या दहा नगांवर त्याचं दिवाळीपर्यंतचं काम उभं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काळेवाडीतलं त्याचं नाव, कारण एकदा ज्येष्ठ नागरिक संघाने वाईट म्हटलेलं दुकान पुन्हा उभं राहत नाही. आमच्याकडे सांगायला भरपूर वेळ असतो. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला. एकोणतीस वर्षांत त्याने चहा टाकलेला मी पाहिला नव्हता. पण नियम तो नियम.

तिसऱ्या मजल्यावर गणराज राहतो. हिंजवडीला नोकरी, त्यामुळे त्याच्या एका कानात कायम कंपनी बोलत असते. त्याने माझ्याकडून एक आज्ञा टंकवून घेतली आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. सॉफ्ट ब्लॉक: नाही. हार्ड ब्लॉक: होय. मग एक कान मोकळा करून त्याने मला समजावलं, आणि मला ते त्याच्यापेक्षा चांगलं समजलं.

लिनक्समध्ये रेडिओ बंद असण्याचे दोन प्रकार आहेत. पडद्यावरून बंद केला तर तो सॉफ्ट; पडद्यावरूनच चालू होतो. दुसरा हार्ड. त्यात एक खरोखरची तार असते. ती बंद असली की वायरलेसचा ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राला हाकणारं सॉफ्टवेअर, हात जोडून उभा राहतो: साहेब, मी चालू करू शकत नाही, खालून हुकूम आहे. आमच्या प्रेसवर लाल छत्रीचं इमर्जन्सी बटण असायचं तेच हे. हाताने दाबलं की मशीन थांबतं आणि जोवर कुणी हाताने पिळून वर घेत नाही तोवर ऑफिसात बसलेल्या थोरल्या साहेबालाही ते चालू करता येत नाही. हाताने केलेलं हातानेच सुटतं. हे मी त्या आठवड्यात जिन्यात, भाजीवाल्यापाशी, बँकेच्या रांगेत, असं निदान वीस जणांना समजावून सांगितलं. सगळ्यांना पटलं. शिकवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

गणराज म्हणाला, काका, कुठेतरी स्विच असेल, बघा ना. मी त्याच्यादेखत लॅपटॉप सगळीकडून फिरवला. मागून भोकं, डावीकडून भोकं, उजवीकडून भोकं, पुढून माझा हिरवा स्टिकर. व्हर्नियरने मोजलेल्या वस्तूत स्विच राहून जातो होय, असं मी विचारल्यावर त्याने ओकेकडे पाहिलं, ओशाळला आणि कंपनीशी बोलू लागला. हिंजवडीच्या माणसावर स्टिकरचा फार परिणाम होतो.

मग त्याने दोन तोडगे सांगितले. पहिला असा, की काही लोक लॅपटॉप उघडतात, वायरलेसच्या कार्डावर ती तार जिथे टेकते त्या विसाव्या पट्टीवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे कार्डाला बंदचा हुकूमच पोचत नाही. मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. सुरक्षेच्या स्विचला चिकटपट्टी लावणाऱ्या एका ऑपरेटरला मी तीन दिवस गेटच्या बाहेर उभं केलेलं आहे. असली सूचना देणाऱ्याला चहा दिला याचंही वाईट वाटलं. दुसरा तोडगा सभ्य होता. कधीकधी यंत्रात स्विचच नसतो, पण तार मात्र बंद असल्याचं सांगत राहते, आणि ड्रायव्हर बिचारा तिच्यावर विश्वास ठेवतो. असं असेल तर लिनक्सच्या लोकांना लिहायचं. ते त्या मॉडेलचं नाव एका यादीत घालतात: हिची तार खोटी बोलते, हिचं ऐकू नका.

हे मला फार आवडलं. म्हणजे खोट बुद्धरत्नची नव्हती आणि माझी तर नव्हतीच नव्हती. खोट जगाची होती. रविवारी सभेत जगाला नापास करून घरी यायचं ठरवलं.

जगाला पत्र लिहिणं सोपं नाही. लिनक्सच्या वायरलेसवाल्यांची एक टपालयादी आहे. तिच्यावर पाठवलेलं पत्र पृथ्वीवरच्या काही हजार लोकांना जातं आणि कायमचं राहतं. मी फोनवरून पहिलं पत्र पाठवलं: नमस्कार, विषय, संदर्भ, महोदय, सगळं यथास्थित. दोन मिनिटांत परत. त्यांना साधा मजकूर हवा होता. माझा फोन साध्या मजकुराला परस्पर नटवून पाठवतो. शिवाय खाली माझी नेहमीची सही होती, गुलाबाच्या फुलासह. महापालिकेत मी आजवर पुष्कळ अर्ज दिलेत, पण फुलाबद्दल हरकत प्रथमच आली.

साधा मजकूर फक्त लॅपटॉपवरून जाणार आणि लॅपटॉपला वायरलेस नाही. मग तारेने जोडायचं. आमचा राउटर न्हाणीघराच्या वरच्या माळ्यावर आहे, कारण बसवणाऱ्याला तिथे रेंज चांगली वाटली. घरात सापडलेली तार हातभर लांब. तेव्हा मी शिडी लावली, तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, लॅपटॉप माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी टेकवला आणि जगाला दुसरं पत्र लिहिलं. खाली इंदुताई बादली घेऊन आत जायची वाट बघत उभ्या होत्या. वरून मी जाहीर केलं की हा पत्रव्यवहार आंतरराष्ट्रीय आहे. त्यांनी विचारलं, आंतरराष्ट्रीय लोक आंघोळ करत नाहीत का.

दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, की उत्तर मजकुराच्या वर लिहू नये, खाली लिहावं. तिसऱ्याला आलं, की ही यादी ड्रायव्हरची आहे आणि स्विचची खिडकी शेजारी आहे. शेजारच्या खिडकीने यंत्राची चालू होतानाची नोंदवही मागितली. ती अकराशे ओळींची निघाली. अकराशे ओळी मी वाचून मग पाठवल्या, कारण न वाचलेल्या कागदावर मी सही करत नाही. कळलं काही नाही, पण शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि यांच्यात मला एकच फरक दिसला: यांची जेवणाची सुट्टी नसते.

बुधवारी ओस्कार नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं. हे उत्तरेकडे कुठेतरी बर्फात राहतात आणि या स्विचांचा कारभार बघतात. त्यांनी लिहिलं, की तार बंद म्हणतेय हे खरं, पण तारेवर अविश्वास दाखवायला आम्हाला आवडत नाही. एखाद्याने इस्पितळात, विमानात काही कारणाने हाताने रेडिओ बंद केलेला असतो, आणि सॉफ्टवेअरने त्याच्या हाताच्या वरचढ होऊ नये. हे वाचून मला गहिवरून आलं. हा माणूस आमच्या प्रेसशॉपमध्ये शोभला असता. तरी तुमच्या यंत्रावर स्विचच नाही असं तुम्ही खात्रीने म्हणत असाल तर बघू, असं पुढे होतं. मी तसं म्हटलं. खात्रीने म्हणणं हा माझा एकतीस वर्षांचा व्यवसाय. गुरुवारी त्यांनी दुरुस्ती लिहून दाखवली. सात ओळींची होती. या मॉडेलची तार खोटी बोलते, हिच्याकडे दुर्लक्ष करावे. आणि खाली, खबर देणारा: ज्योतीराम, काळेवाडी.

दुरुस्ती एकदा लिनक्सच्या गाभ्यात गेली की ते नाव जगातल्या प्रत्येक प्रतीत जातं आणि ते पुसता येत नाही, असं गणराजने सांगितलं. त्याच्या कानातली कंपनी त्या वेळी गप्प होती. ही बातमी मी माझ्यापाशी ठेवायची ठरवली आणि संध्याकाळपर्यंत संघात सगळ्यांना माहीत होती. अण्णासाहेबांनी रविवारच्या विषयपत्रिकेत माझा सत्कार घातला. लॅपटॉप खरेदीचा विषय त्याच्या खाली गेला. बुद्धरत्नला मी निरोप दिला, की तुझा माल वाईट होता पण जगाने तो सांभाळून घेतला. त्याचं उत्तर आलं नाही. चार दिवस संध्याकाळचा चहा मी घरीच घेत होतो. इंदुताईंचा चहा चांगला असतो, फक्त त्याला मशीन ऑइलचा वास नसतो.

शुक्रवारी ओस्कार यांनी शेवटची औपचारिकता म्हणून यंत्राच्या चारी कडांचे फोटो मागितले. मी खिडकीशी पांढरं कापड अंथरून फोटो काढले. पुढच्या कडेचा सगळ्यात चांगला आला. हिरवा गोल बरोबर मध्यभागी, अक्षरं स्वच्छ. चारही फोटो काही हजार लोकांना रवाना केले.

शनिवारी सकाळी शिडीवर चढलो तर उत्तर आलेलं. एकच ओळ. नमस्कार नाही, विषय नाही.

“स्टिकरखाली काय आहे?”

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे येतात, की त्यांचं उत्तर द्यायच्या आधीच कानशिलं तापतात. मग मी नखाने स्टिकर उचलला. खाली खाच होती. खाचेत बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही अशी एक काळी कळ होती, एका बाजूला सरकवलेली, आणि तिच्या भोवती खंडेनवमीचं कुंकू. मी ती दुसऱ्या बाजूला सरकवली. लहानसा दिवा लागला. सतराच्या सतरा वायरलेस ओळीने उभे राहिले. ‘पासवर्ड मागू नये’ सगळ्यात वर.

खाली इंदुताई बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना काय झालं ते माझ्या पाठीवरून कळलं.

“अहो, पूजेच्या वेळी तुम्हीच नाही का ती अंगठ्याने सरकवलीत? मिक्सर झाला, इस्त्री झाली, मग ती. आधी कळ बंद, मग कुंकू, असं मोठ्याने म्हणतसुद्धा होतात.”

मी विचारलं, मग आठ दिवस सांगितलं का नाही.

“तुम्ही मला कुठे विचारलंत? तुम्ही जगाला विचारत होतात.”

खाली उतरून मी तपासणी अहवाल काढला. मुद्दा सतरा, माझ्याच वळणदार अक्षरात: पुढील कडा, सरकती कळ एक, रेडिओ चालू-बंद करते, समाधानकारक. बुद्धरत्नने रविवारी हेच वाचायला सांगितलं होतं. मेंटेनन्सला दुसरं काही नसतं.

आता हे लिहिताना मला एक कबुली द्यायला हवी. पाच मिनिटं माझ्या मनात दुसराच विचार आला. स्टिकर माझ्या खिशात होता, दिवा लागलेला होता, आणि इंदुताई सोडल्या तर काळेवाडीत कुणाला काही ठाऊक नव्हतं. सभेत जायचं, जगाने दुरुस्ती केली असं सांगायचं, शाल घ्यायची. दहा लॅपटॉपही कदाचित झाले असते. फक्त बुद्धरत्नचा माल सदोष होता हे वाक्य काळेवाडीत कायमचं उभं राहिलं असतं, आणि त्या बर्फातल्या माणसाच्या सात ओळी गाभ्यात गेल्यावर जगात कुणीही या यंत्राची कळ हाताने बंद केली, तरी रेडिओ चालूच राहिला असता. म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या सुरक्षेच्या स्विचला चिकटपट्टी लावणारा माणूस मी ठरलो असतो, नावानिशी. त्या ऑपरेटरला मी तीन दिवस गेटबाहेर उभं केलं होतं. मला कुठल्या गेटबाहेर उभं करणार.

वायरलेस आता चालू होतं. सोफ्यावर बसून लिहिता आलं असतं. तरी मी शिडीवर चढलो. काही पत्रं उभ्यानेच लिहावीत. साधा मजकूर, फूल नाही, उत्तर प्रश्नाच्या खाली: स्टिकरखाली स्विच आहे. तो मी स्वतः बंद केला. आमच्याकडे वर्षातून एक दिवस यंत्राला बंद ठेवून मान देण्याची पद्धत आहे. नंतर चालू करण्याची पद्धतही आहे, ती मी विसरलो. तार खरं बोलत होती. ड्रायव्हरचं बरोबर होतं. कृपया दुरुस्ती मागे घ्यावी. आपला, ज्योतीराम, निवृत्त निरीक्षक.

तासाभरात ओस्कार यांचं उत्तर आलं. दुरुस्ती मागे घेतल्याचं आणि मला वाटलं होतं त्याहून बऱ्याच खुशीत लिहिलेलं. त्यांनी कळवलं, की अशी चूक करणारा मी पहिला नाही, फक्त कबूल करणारा पहिला आहे. तेव्हा आता ते ड्रायव्हरमध्ये वेगळी, एका ओळीची भर सुचवणार होते: तार बंद म्हणाली की यंत्राने नोंदवहीत लिहावं, रेडिओ कळीने बंद आहे, आधी कळ पाहा. आणि खाली, खबर देणारा: ज्योतीराम, काळेवाडी. मी लिहिलं, नाव काढलं तरी चालेल. ते म्हणाले, आमच्याकडे खबर देणाऱ्याचं नाव वगळत नाहीत, ती आमची पद्धत आहे.

रविवारी संघाच्या खोलीत सगळी मंडळी जमली. टेबलावर शाल आणि नारळ. बुद्धरत्न शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेला, लगेच उठून जाता येईल अशा बेताने. अण्णासाहेबांनी माझं नाव पुकारल्यावर मी शाल बाजूला सारली आणि खिशातून लाल कागद काढला. नापास मालाला लावायची ती लाल चिठ्ठी. दोनचार माझ्यापाशी उरल्या आहेत, त्या वापरायची वेळ कधी आली नव्हती. मी ती उभ्याने वाचली. वस्तू: तपासणी. दोष: कळ बंद करून त्यावर ओकेचा स्टिकर लावला. दोष कोणाचा: निरीक्षकाचा. पुरवठादाराचा माल: निर्दोष, पहिल्या दिवसापासून. मग लॅपटॉप उघडला आणि सतरा वायरलेस सभेला दाखवले.

अण्णासाहेबांनी टोपी मागे सारली.

“म्हंजी माल चांगला हाय, तपासनारा बिघाडला व्हता,” ते म्हणाले. “मग काय अडचन न्हाई. तपासनाऱ्याला आपन काय इकत घेत न्हाई. उरलेलं नऊ आना.”

ठराव एकमताने झाला. सत्काराचं काय, असं कुणीतरी विचारलं. नारळ फोडून सगळ्यांना वाटावा असं ठरलं. शाल संघाच्या कपाटात पुढच्या माणसासाठी गेली.

मी ती लाल चिठ्ठी घेऊन शेवटच्या रांगेपाशी गेलो. रीत अशी, की चिठ्ठी पुरवठादाराने घ्यायची आणि त्यावर पोच द्यायची. बुद्धरत्नने हात पुढे केला. चष्मा लावला. चिठ्ठी उजेडात धरून वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली, मग खालपासून वर. कंपनीत वर्षानुवर्षं मी त्याचे कागद असेच वाचत होतो, हे मला त्याच्या मानेवरून दिसत होतं.

“तारीख नाही,” तो म्हणाला. “आणि सही चौकटीच्या बाहेर गेलीये. परत भरून आणा, साहेब.”

मी टेबलापाशी गेलो, दुसरी चिठ्ठी काढली, तारीख घातली, सही चौकटीच्या आत बसवली आणि रांगेतून पुन्हा त्याच्यापर्यंत आलो. या खेपेला त्याने पोच दिली. संध्याकाळी कासारवाडीला दोन चहा आले. त्याने त्याचा पूर्ण संपवला.